पाय धुण्याच्या विधीचा सेट: वापरून, धुऊन, वाळवून झाल्यावरचा रिव्ह्यू

तीन स्टार. पार्सल उघडलं तेव्हा पाच देणार होते, त्या रात्री दोन देणार होते, आता आठवडा झाल्यावर तीनवर आलेय, का ते सांगते.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) आदल्या संध्याकाळी, म्हणजे गुरुवारी, प्रभुभोजनाआधी (भाकर आणि प्याल्याच्या विधीआधी) पाय धुतात, कारण येशूने शेवटच्या भोजनाच्या रात्री शिष्यांचे पाय धुतले होते. इतकी वर्षं आम्ही कुणाच्या तरी घरचा प्लॅस्टिकचा टब आणि बादली आणायचो आणि दर वर्षी कमिटीत कुणीतरी म्हणायचंच की हे बरं दिसत नाही, फोटोत निळा टब येतो. ह्या वर्षी एका काकांनी देणगी दिली आणि ऑनलाइन हा रेडिमेड सेट मागवला. मंडळीच्या सामानाचं कपाट माझ्याकडे असतं, त्यामुळे पार्सल मी फोडलं, पाणी मी भरलं, फरशी पण मीच पुसली. म्हणून रिव्ह्यू मीच लिहिणार. विक्रेत्याचं नाव देत नाहीये, कारण मला वाटतं असे सेट विकणारे सगळे थोड्याफार फरकाने हेच विकतात.

बॉक्समध्ये काय काय होतं: एक गंगाळ (स्टीलचं, वरून तांब्यासारखा रंग आणि ठोक्याची नक्षी), तसलाच एक जग, बारा पांढरे टॉवेल, एक एप्रन, आणि एक बुटकं गादीवालं स्टूल. पॅकिंग झकास, थर्माकोलच्या खाचेत प्रत्येक वस्तू अशी बसवलेली की बाहेर काढायला जीव होईना. वर एक कार्ड होतं की हा सेट नम्रतेचं सौंदर्य तुमच्या वेदीपर्यंत आणतो वगैरे. ठीक आहे, विकायचं म्हणजे काहीतरी लिहावं लागतं.

आधी गंगाळ. दिसायला सुंदरच आहे, त्यात वाद नाही. पण दोन पाय एकत्र मावत नाहीत. मोठ्या माणसाचा एकच पाय बसतो, म्हणजे एक धुवा, उचला, पुसा, खाली ठेवायला जागा शोधा, मग दुसरा, आणि तेवढ्या वेळात तो माणूस एका पायावर तोल सांभाळत खुर्चीत वाकडा. त्यात कान नाहीत, कान म्हणजे धरायला कड्या. सहा लिटर पाणी मावतं असं लिहिलंय, बरोबर आहे, मावतं, पण सहा लिटर म्हणजे सहा किलो आणि वर गंगाळाचं वजन, आणि ते गुळगुळीत काठाला धरून, पाय धुतलेलं पाणी घेऊन, बसलेल्या लोकांच्या मधून, डोळे मिटून प्रार्थना करणाऱ्यांना धक्का न लावता मागच्या मोरीपर्यंत न्यायचं. ज्याने हे डिझाइन केलं त्याने पाणी ओतायचा विचार केलाय, पाणी फेकायचा केलेलाच नाही. आणि माझी मुख्य तक्रार तीच आहे, सगळ्या सेटबद्दल. हा सेट समोरून बघायला बनवलाय.

जगाचंही तेच. धार घालताना लांबून काय छान दिसते, पण थांबवली की पाणी चोचीखालून ओघळत बुडापर्यंत येतं आणि धुणाऱ्याच्या मांडीवर पडतं. कोमट पाणी भरलं तर पकडायची मूठही तापते. शेवटी आमच्या पाळकांनी, म्हणजे पाद्रीसाहेबांनी, दुसऱ्या माणसानंतर जग बाजूला ठेवला आणि प्लॅस्टिकचा मग मागितला, तोच आपला जुना, मी आणलाच होता पिशवीत.

टॉवेल नवे असताना पाणी पीत नाहीत हे ज्यांनी घर चालवलंय त्यांना माहीत असतं, दोनदा धुवावे लागतात. मी एकदाच धुतले होते, चूक माझी. पण एक गोष्ट माझी चूक नाही, टॉवेलच्या मधोमध सोनेरी जरीचा क्रूस शिवलाय, बरोब्बर तिथे जिथे पाय पुसायचा. टोचतो. एका मावशींच्या टाचेच्या भेगेत धागा अडकला, त्या काही बोलल्या नाहीत पण त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. तुम्हाला क्रूस हवाच असेल तर कोपऱ्यात लावा ना, पुसायला जागा तरी सोडा.

एप्रन उघडलाच नाही. बायबलमध्ये योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात प्रभूने बाहेरची वस्त्रं काढून ठेवली आणि रुमाल कमरेला बांधला असं आहे, म्हणजे त्याने त्या वेळी अंगावरचं कमी केलं. इथे आपण अजून एक घालतोय, तेही इस्त्रीचं.

आता स्टूल. ह्याच्यावरून मी आधी खूप हसले होते हे कबूल करते. ज्याच्या पायाशी बसायचं त्याच्यासमोर गादीवर बसायचं, म्हणजे गुडघा पण खाली लागायला नको, हे कसलं पाय धुणं! पार्सल उघडताना मी हे मोठ्याने म्हणाले आणि दोघं-तिघं हसले पण. मग त्या संध्याकाळी बायकांच्या बाजूला एक आजी धुवायला पुढे आल्या, धुऊन घ्यायला नाही, धुवायला. त्यांचे दोन्ही गुडघे गेलेत, जमिनीवर बसल्या तर उठवायला चार माणसं लागतील. त्या स्टूलवर टेकल्या, वाकल्या, एका कॉलेजच्या मुलीचे पाय इतके सावकाश धुतले की मागे रांग लागली आणि कुणाचीही घाई करायची हिंमत झाली नाही. मला तेव्हा पोप फ्रान्सिस आठवले, 2013 मध्ये रोममध्ये अल्पवयीन मुलांच्या तुरुंगात गुडघ्यावर बसून बारा जणांचे पाय धुतले होते, त्यात दोन मुली होत्या आणि सगळे ख्रिस्तीही नव्हते, तेव्हा केवढी चर्चा झाली होती कारण तोवर कॅथलिक चर्चच्या नियमात फक्त पुरुष होते, नियम पुढे 2016 मध्ये बदलला. पण 2024 मध्ये रोममधल्याच बायकांच्या तुरुंगात गेले तेव्हा ते 87 वर्षांचे आणि व्हीलचेअरवर होते, गुडघे टेकणं शक्यच नव्हतं, तर त्या बारा जणींना उंचवट्यावर बसवलं आणि त्यांनी खुर्चीत बसूनच धुतले. म्हणजे खाली वाकता येईना तर समोरच्याला वर बसवलं. तेव्हा स्टूलला पूर्ण मार्क, माझे शब्द मागे. फक्त रेक्झिन ओलं झालं की घसरतं, खाली पायपुसणं टाका.

आता नावाचं प्रकरण, हे सांगितल्याशिवाय रिव्ह्यू पुरा होणार नाही.

ऑर्डर करताना एक रकाना येतो, गंगाळावर नाव कोरून मिळेल, पंचवीस अक्षरांपर्यंत फुकट. आता फुकट म्हटल्यावर कोण सोडतंय. देणगी देणाऱ्या काकांचं म्हणणं असं की माझं नाही, आईवडिलांच्या स्मरणार्थ असं घाला. कमिटीत दोन तास गेले, खरंच दोन तास, मी मिनिटं लिहीत होते. एक गट म्हणे की उजव्या हाताने दिलेलं डाव्याला कळू नये असं प्रभूनेच सांगितलंय, दुसरा गट म्हणे की बाकांवर, पंख्यांवर, घंटेवर सगळीकडे नावं आहेत तेव्हा कुणाला वचन आठवलं नाही, काकांच्या वेळीच कसं आठवलं. आणि दुसऱ्या गटाचं चूक नव्हतं हो. पहिल्या गटातल्या दोघांच्या घरच्यांची नावं पंख्यांवर आहेतच. शेवटी तोडगा निघाला की नाव कोरायचं पण गंगाळाच्या बुडाला, खालून, म्हणजे विधी चालू असताना दिसणार नाही आणि देणगीची नोंदही राहील. सगळ्यांना पटलं, टाळ्या वगैरे झाल्या.

कुणाच्याच लक्षात आलं नाही की गंगाळ धुतल्यावर वाळायला पालथं घालतात.

तर आता ते मागच्या खोलीत ओट्यावर पालथं आहे आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्यांदा काकांच्या आईवडिलांचं नाव दिसतं, तांब्याच्या रंगावर ठळक, पंख्यांपेक्षा कितीतरी छान वाचता येतं. काकांनी पाहिलं तेव्हा ते स्वतःच एवढे हसले की मला ते नव्याने आवडायला लागले.

दुसरा वाद खुर्च्यांचा. सेटसोबत जे कागद आले त्यात चित्र होतं, अर्धवर्तुळात बारा खुर्च्या. झालं, मग बारा जण कोण? वडीलमंडळी आठ, मग उरले चार, मग बायका का नाहीत, तरुण का नाहीत, गाणाऱ्यांपैकी कुणी का नाही. आमच्या पाळकांनी काही वेळ ऐकलं आणि मग फक्त एवढंच म्हणाले की लूकच्या बाविसाव्या अध्यायात ह्याच जेवणाच्या वेळी शिष्यांचं भांडण लागलंय की आपल्यात मोठा कोण. त्याच टेबलावर, त्याच रात्री. मला हे माहीत होतं म्हणजे वाचलेलं होतं, पण पाय धुण्याची गोष्ट योहानात आहे आणि भांडण लूकमध्ये, त्यामुळे दोन्ही एकाच संध्याकाळचं असं कधी जोडून पाहिलं नव्हतं. बाकीच्या तीन शुभवर्तमानांत भाकर आणि प्याला आहे पण पाय धुणं नाही, योहानात पाय धुणं आहे आणि भाकर-प्याल्याची स्थापना नाही. मग बारा खुर्च्या रद्द झाल्या, ज्याला यायचंय त्याने यावं, बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या, जोडीने एकमेकांचे धुवावे. सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट मंडळ्यांमध्ये असंच करतात, प्रभुभोजनाच्या आधी, साधारण वर्षातून चार वेळा, आणि त्याला ते नम्रतेचा विधीच म्हणतात. मेनोनाइट ह्या ख्रिस्ती पंथाच्या 1632 च्या डॉर्ड्रेख्ट विश्वासपत्रात सुद्धा पाय धुण्याचं वेगळं कलम आहे. म्हणजे चारशे वर्षं लोक हे करतायत आणि बहुतेक साध्या टबातच करत असणार.

जोडीने म्हटलं की लोक आपापल्या मैत्रिणी पकडतात, हे पण लिहून ठेवते. डॉक्टरबाई आणि मुख्याध्यापिका एक जोडी. सासवा सासवांबरोबर. साफसफाईला येणारी आमची एक बहीण आहे, तिच्यासमोरची खुर्ची बराच वेळ रिकामी होती, आणि मी हातात मग घेऊन उभी होते आणि मनात म्हणत होते कुणीतरी जा ना. कुणीतरी. मग त्या आजी गेल्या, स्टूलसकट.

आणि लोक पाय धुऊन येतात! हे दर वर्षीचं आहे. घरून साबणाने घासून, नखं कापून, काही जणी तर क्रीम लावून, नवे मोजे घालून. ज्यांच्या टाचा फुटल्यात ते मागच्या बाकावर. ह्यावर हसू नका, राजदरबारातही हेच होतं. इंग्लंडची पहिली एलिझाबेथ राणी ह्या गुरुवारी गरीब बायकांचे पाय धुवायची, जेवढं राणीचं वय तेवढ्या बायका, 39 व्या वर्षी 39 बायका, आणि राणी येण्याआधी त्यांचे पाय तीनदा धुऊन झालेले असायचे, पहिल्यांदा धोबीखात्याचे लोक, मग दानाध्यक्षाचा मदतनीस, मग स्वतः दानाध्यक्ष, आणि मग चौथी राणी. सुगंधी पाण्याने. मला त्यात राणीपेक्षा त्या धोबीखात्याच्या माणसांबद्दल जास्त वाटतं, खरी माती त्यांच्याच हाताला लागली असणार.

आमच्याकडे एक काका नाहीच म्हणाले, साउंडचं काम बघतात ते. वर्षभर सगळ्यांच्या वायरी हेच उचलतात, पण कुणी त्यांच्या पायाला हात लावायचा म्हटलं की येशूला आधी नको म्हणणाऱ्या पेत्र शिष्यासारखं, नाही नाही माझे कधीच नाही. पाळकांनी आग्रह केला नाही. मला वाटलं करायला हवा होता. मग वाटलं, नको, बरं केलं. अजून ठरत नाहीये.

फोटोंचं काय सांगू. मोबाइल बंद ठेवा असं दोनदा सांगूनही एकाने व्हिडिओ काढलाच, आणि वर म्हणतो पाळकसाहेब जरा परत ओता ना, जग उजेडात नव्हता. पाळकांनी ऐकू न आल्यासारखं केलं. पण जग आहेच तसा, त्याला बघितलं की कॅमेरा काढावासाच वाटतो. निळ्या टबाचा व्हिडिओ काढायला कुणी आलं नसतं.

कामाचं थोडं. आमच्याकडे साधारण नव्वद माणसं, त्यातली 34 पुढे आली. माणशी लिटर-सव्वा लिटर पाणी लागलं, म्हणजे चाळीसेक लिटर, ते गरम करून आणायचं आणि तेवढंच फेकायचं. प्रत्येकाला नवं पाणी, प्रत्येकाला वेगळा टॉवेल, ह्यात कंजूसपणा करू नका, बोटांच्या बेचक्यातलं इन्फेक्शन टॉवेलवरून पसरतं. सेटमध्ये बाराच टॉवेल, बाकीचे मी घरून नेले. आणि पाणी कोपराने तपासा, हे फार महत्त्वाचं, कारण डायबिटीस असलेल्या बऱ्याच जणांना पायाला गरम लागत नाही, कळतच नाही, भाजलं तरी ते हसत बसतील. त्यांचे पाय घासायचे नाहीत, नुसते टिपायचे, बेचक्या कोरड्या करायच्या.

सगळं झाल्यावर प्रभुभोजन झालं, शेवटचं गीत झालं, लोक शांतपणे बाहेर गेले जसं त्या रात्री जायचं असतं. आणि मी, माझ्याकडे मॉप, पाच बादल्या घाण पाणी, 34 ओले टॉवेल, आणि ठोक्याच्या नक्षीत अडकलेला मळ जो टूथब्रशशिवाय निघत नाही. इथेच मी दोन स्टार ठरवले होते. फरशी पुसताना माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते लिहू का, चाललं होतं की सगळे जण आत्ता घरी जाऊन म्हणतील काय हृदयस्पर्शी उपासना झाली, आणि खरं पाय धुण्याचं काम इथे चाललंय मागे, कुणी बघायला पण नाही. मग मला कळलं की मला बघायला कुणीतरी हवं होतं. मग तर अजूनच चिडले, कोणावर कोण जाणे, जगावरच बहुतेक, जग म्हणजे पाण्याचा. आणि आता हे सगळं तुम्हाला सांगतेय म्हणजे बघणारे मिळालेच मला.

दुसऱ्या दिवशी टॉवेल घरी धुताना सहज सांगितलं तर आमच्या पाळकांनी एक गोष्ट सांगितली ती मला फार आवडली. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टनी मठांसाठी नियम घालून दिले, त्यात स्वयंपाकघराची पाळी आठवड्याआठवड्याने सगळ्यांना. ज्याचा आठवडा संपला त्याने शनिवारी साफसफाई करायची, भावांनी हातपाय पुसलेले टॉवेल धुवायचे, आणि मग ज्याची पाळी संपली आणि ज्याची सुरू होणार अशा दोघांनी मिळून सगळ्यांचे पाय धुवायचे. आणि भांडी स्वच्छ, न मोडता कोठाराच्या माणसाकडे परत करायची. म्हणजे टॉवेल धुणं, भांडी मोजून देणं आणि पाय धुणं, तिन्ही एकाच नियमात एका दमात लिहिलेलं. तिथे मागची खोली वेगळी काढलेलीच नाही! मी लगेच म्हटलं, मग आपल्याकडे पण पाळी लावा. ते म्हणाले लावू. पुढच्या रविवारी यादी लागली आणि पहिलं नाव त्यांनी स्वतःचं घातलं होतं, दुसरं देणगीवाल्या काकांचं. माझं नाव चौथ्यावर आहे आणि खरं सांगू, कपाटाची किल्ली दुसऱ्याकडे द्यायची म्हटल्यावर माझ्या पोटात कसंतरी झालं. अजून दिलेली नाहीये.

तर घ्यायचा का हा सेट? मंडळी लहान असेल, दहा-बारा जणच असतील आणि पाणी फेकायची मोरी जवळ असेल तर चालेल. मोठी मंडळी असेल तर फक्त स्टूल वेगळं मिळतंय का बघा आणि बाकी पैशात पसरट, कान असलेले दोन टब आणि चाळीस साधे टॉवेल घ्या, सुती, क्रूस नसलेले. जग अजिबात नको. कस्टमर केअरला टॉवेलच्या जरीबद्दल लिहिलं होतं, त्यांनी बदलून देतो म्हणाले पण वापरलेले परत घेत नाहीत, ते पण बरोबर आहे.

आणि ते नाव कोरायचं. रकान्यासमोर लाल चांदणी आहे त्यामुळे भरलाच पाहिजे असं वाटतं. तसं नाहीये, मी नंतर परत जाऊन करून बघितलं, रिकामा सोडला तरी ऑर्डर पुढे जाते.